उजव्या पायाचं लोखंड

लव्हेट्सव्हिल, व्हर्जिनिया
रविवार, २ मार्च २०२५, सकाळी पावणेसहा. घोड्यांच्या सामानाला तेल लावत होतो. ते बाजूला ठेवून लिहायला बसलो.

प्रतापकाका,

नमस्कार. साष्टांग घालायला तबेल्यात कोरडी जागा नाही, म्हणून उभ्यानेच.

तुमच्या देवच्या हातून पाठवलेली तुमची चिठ्ठी मिळाली. फोन करायचा नाही, जे काय ते लेखी, आणि तेही मराठीत, म्हणजे अनिकाच्या हातात पडलं तरी तिला वाचता येणार नाही, असं तुम्ही म्हटलं आहे. ठीक. माझं मराठी आठवीपर्यंतचं आहे, पण प्रत्येक शब्द तपासून लिहितो. चूक सापडली तर लाल खूण करा. तुम्हाला सवय आहे.

तुमचं म्हणणं मी आधी लिहून काढतो, म्हणजे नंतर "मी असं म्हटलंच नव्हतं" व्हायला नको. ३१ मेला तुमच्या अनिकाचं लग्न. लग्न लागल्यावर तिची आणि कबीरची वरात मी आमच्या घोडागाडीतून काढायची, हॉटेलच्या पार्किंगच्या टोकापासून हॉलच्या दारापर्यंत, पुढेमागे ढोल-ताशाचं पथक. नाही म्हटलं तर, बाबा गेल्यावर तुम्ही माझ्या कॉलेजची जी फी भरलीत आणि जे कॉलेज मी दुसऱ्या सेमिस्टरला सोडलं, ती परत करायची.

माझं उत्तर नाही असं आहे. कारणं देतो.

गाडी माझी नाही, तबेल्याच्या मालकीण मिसेस व्हिटलॉक यांची आहे. ती लग्नाची बग्गी नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये अशा गाड्यांतून दारूगोळा आणि रसद नेत असत. पुढे बसून लगाम धरायला हिला आसन नाही. दोन घोडे जोडायचे, गाडीवान डाव्या घोड्यावर बसतो आणि उजव्याला हाताने सांभाळतो. तो गाडीवान मी आहे. माझी डावी घोडी हॅटी शहाणी आहे. उजवी पर्ल आवाजाला घाबरते. ढोल-ताशासमोर मी तिला उभी करणार नाही. पर्लने एकदा कोणाला दुखापत केली की मिसेस व्हिटलॉक तिला लिलावात काढतील. तिथून तिच्या वयाची घोडी कुठे जाते हे मला माहीत आहे. तुम्हाला सांगत नाही.

फीचे हप्ते पाडून द्या.

तुमच्या बेसमेंटमधून बाहेर काढलेला,
नकुल


अ‍ॅशबर्न, ११ मार्च

नकुल,

आशीर्वाद लिहायची जागा या वेळी रिकामी सोडतो आहे.

पत्र वाचलं. लाल खुणा केल्या नाहीत, कारण चुका अक्षरांत नाहीत, अकलेत आहेत. हप्ते पाडून द्या म्हणे! लीद काढणाऱ्याला बँक कर्ज देत नाही, काका देतो. दादा गेला तेव्हा तुला घरात घेतलं, गाडी शिकवली, कॉलेजात घातलं. इंग्लिशच्या पहिल्याच कोर्समध्ये नापास झालास आणि मला न सांगता सोडून दिलंस. चार महिने रोज सकाळी बॅग घेऊन कुठे जात होतास? तबेल्यात! मी डेटा सेंटरमध्ये दोनशे माणसं सांभाळतो, आणि माझ्याच घरातला पोरगा मला येडा बनवत होता.

आणि आता कारण काय, तर घोडी घाबरते. तूच मागच्या नोव्हेंबरात फेसबुकवर व्हिडिओ टाकला होतास ना? मैदानात जुन्या लढाईचा देखावा चालू आहे, तोफ उडते आणि तुझ्या दोन्ही घोड्या कानसुद्धा हलवत नाहीत. खाली लिहिलं होतंस, आमच्या हॅटी-पर्लला जगात कशाचं भय नाही. तोफेचं भय नाही आणि ताशाचं आहे? कोणाला शेंड्या लावतोस?

आता मला तीच गाडी का हवी ते ऐक. लिमोझिन मला फोनवर मिळते. आपल्या दिवाणखान्यात ज्यांचा फोटो आहे ते माझे आजोबा, तुझे पणजोबा, घोडदळातले रिसालदार एकनाथराव खराडे. फ्रान्सच्या लढाईत जर्मनांची गोळी पायात घेतली, पायाला लोखंडी पट्टी बांधली, पण घोड्यावरून उतरले नाहीत. फोटोत ती पट्टी दिसते. कबीरच्या आईवडिलांना मी फोटो दाखवला, सगळी हकिकत सांगितली. सांता क्लारामधली मोठी माणसं आहेत, तरी गप्प होऊन ऐकत होती. वरातीत तो फोटो गाडीच्या पुढच्या फळीवर लावायचा आहे.

असल्या माणसाचा पणतू तू. विचार कर.

प्रताप


लव्हेट्सव्हिल
रविवार, १६ मार्च २०२५, दुपारी सव्वाबारा. पर्लचे खूर साफ करून हात धुतले.

प्रतापकाका,

फेसबुकवर मी ते लिहिलं होतं हे खरं. लिहायला नको होतं. तोफ एकदा उडते. मग शांतता. मग मी पर्लला मूठभर ओट्स देतो. तिच्या डोक्यात तोफेचा आणि ओट्सचा संबंध बसला आहे. ताशा थांबतच नाही, तर ओट्स कधी देऊ?

आता तुमच्या फोटोबद्दल. मी रागात लिहितो आहे हे मला कळतं आहे, तरी लिहितो.

बेसमेंटमध्ये राहत होतो तेव्हा रोज वर येताना तो फोटो मला दिसायचा. मलाही ती जखमेची पट्टी वाटायची. आता तशीच पट्टी मी रोज घालतो. उजव्या पायावर, नडगीच्या बाहेरून, चामड्याच्या पट्ट्यांनी बांधायची. जोडीच्या मधोमध गाडीचा लाकडी दांडा असतो. डाव्या घोड्यावर बसणाऱ्याचा उजवा पाय त्या दांड्याच्या बाजूला लटकतो. दुसरा घोडा आत सरकला की पाय मध्ये सापडतो आणि चिरडतो. म्हणून ते लोखंड. रिसालदाराच्या घोड्याशेजारी दांडाही नसतो आणि दुसरा घोडाही नसतो. त्याला ते लागत नाही.

पणजोबा रिसालदार नव्हते. गाडीवान होते. गोळी वगैरे काही लागलेली नाही, पायाला काहीही झालेलं नाही. जे काम मी करतो तेच ते करत होते. लीदसुद्धा काढत असतील.

मी घोडे आणतो. माझी एकच अट आहे. वरातीच्या वेळी तुम्ही माइक हातात घ्यायचा आणि कबीरच्या आईवडिलांसमोर सांगायचं, माझे आजोबा गाडीवान होते. सांगाल?

नकुल


अ‍ॅशबर्न, २८ मार्च

नकुल,

मी सुवर्णाकाकू. तुमच्या दोघांच्या पत्रांत मी पडत नव्हते, पण आता पडते.

तुझं पत्र आल्या दिवशी ह्यांनी फोटो काढून कपाटात टाकला. जेवले नाहीत. भिंतीवर पांढरा चौकोन उरला, तिथे मी भारतीय किराणावाल्याचं कॅलेंडर लावलं आहे. देव म्हणाला, "मॉम, जस्ट टॉक टू हिम." कोणाशी टॉक करू? एक तिकडे घोड्यांशी बोलतो, एक इकडे टीव्हीशी.

गाडीवान होते, तर होते. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. पण तू एक गोष्ट न बघता लिहिलीस. पायाला काहीही झालेलं नाही म्हणालास. माझे सासरे, म्हणजे तुझे आजोबा, मला सांगायचे की लहानपणी रोज संध्याकाळी त्यांना वडिलांचा उजवा पाय चेपून द्यावा लागे. नडगी मधे दबलेली होती, त्यात बोट बसायचं. थंडीत लंगडायचे. गोळी नसेल, पण काहीतरी झालं होतं. ह्यांना एवढंच ठाऊक होतं, बाकीचं त्यांनी अभिमानाने भरून काढलं. आणि तू येऊन सगळंच खोटं ठरवलंस. एका माणसाच्या आजोबांचा पाय तू पत्रातून काढून घेतलास.

माइकवर कोणी काही बोलणार नाही. ते लग्न आहे, कोर्ट नाही.

पण अनिकाचा त्या गाडीवर जीव आहे. "नकुलदादा ड्राइव्ह करणार असेल तरच," असं तिने कबीरला सांगून ठेवलं आहे. तेव्हा माझं ऐक. पथकात रीमा नावाची मुलगी आहे, ताशा वाजवते, समजूतदार आहे. दर रविवारी तिला एकटीला तिकडे पाठवते. लांब उभी राहून वाजवेल. तुझ्या पर्लला तोफेची सवय लागली तशी ताशाची लागते का बघ. नाही लागली तर मीच लिमोझिन सांगेन, आणि फीचा विषय या घरात पुन्हा निघणार नाही, हे माझं वचन.

सुवर्णाकाकू

ता. क. जेवण वेळेवर कर. नुसते नूडल्स खाऊ नकोस.


लव्हेट्सव्हिल
रविवार, ४ मे २०२५, दुपारी साडेतीन. सगळे गेल्यावर घोड्यांना पाणी दाखवलं आणि बसलो.

काकू आणि प्रतापकाका,

हे पत्र दोघांना आहे, कारण आज काका स्वतः आले होते.

आधी पर्लचं सांगतो. पहिल्या रविवारी रीमा रस्त्यापलीकडच्या शेतात उभी राहिली, तरी पर्लने दावं तोडलं. दुसऱ्या रविवारी थरथरली पण उभी राहिली. रीमा थोडं वाजवून थांबायची, थांबली की मी ओट्स द्यायचो. मग तिच्याबरोबर दोन ढोल आले. आज सगळं पथक कुंपणापाशी होतं. पर्लने कान मागे टाकले, पण पाय हलवला नाही. रीमा म्हणाली, "यार नकुल, आमच्या पथकात नवीन पोरं हिच्यापेक्षा जास्त घाबरतात!"

काका, तुम्ही नवे पांढरे बूट घालून आलात आणि कुंपणाबाहेर उभे राहिलात. मी म्हटलं, आत या. तुम्ही म्हणालात, "इथून दिसतंय." मग विचारलंत, "ही चावते का?" मी म्हटलं, अनोळखी माणसाला चावते. तुम्ही म्हणालात, "मग मला चावणार नाही, मी भरलेल्या फीवर चार महिने तू हिलाच दाणा घातलास." पथकातली मुलं हसली. मीही हसलो असतो, पण हॅटीवर बसलो होतो.

जे ठरलं ते लिहून ठेवतो. पर्ल सलग वाजवणं थोडा वेळ सहन करते, फार वेळ नाही. ती बिथरायच्या आधी मला तिच्या मानेत कळतं. तेव्हा मी उजवा हात सरळ वर करीन. पथकाच्या पुढे झेंडा घेऊन काका चालणार आहेत. झेंडा खाली आला की सगळे ढोल-ताशे थांबतात, हा पथकाचा नियमच आहे. तर माझा हात वर गेला की काकांनी झेंडा खाली घ्यायचा. लगेच. मी पर्लला ओट्स देईन, हात खाली घेईन, मग पुन्हा सुरू करा. आज तसं करून पाहिलं. काकांनी प्रत्येक वेळी झेंडा बरोबर खाली घेतला.

तेवढं पाळलंत तर मी येतो.

नकुल

काकू, पायाबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचलं. 


अ‍ॅशबर्न, १९ मे

नकुल,

तालीम बरी झाली. मिसेस व्हिटलॉकना अ‍ॅडव्हान्स पाठवला आहे. सोबत तुझ्यासाठी जोधपुरी सूट पाठवतो, देवच्या मापाचा आहे, बसेल.

एक गोष्ट करायची आहे, आणि यावर वाद नको. त्या दिवशी पायातलं ते लोखंड घालायचं नाही.

फोटो मी पुन्हा भिंतीवर लावला आहे. वरातीत तो गाडीवर असणार. कबीरच्या आईने तो नीट बघितला आहे, ती पट्टी कशाची हे विचारून बघितला आहे, आणि मी तिला सांगितलं आहे. आता फोटोच्या पुढेच घोड्यावर तू, तुझ्या पायात तेच लोखंड. ती डॉक्टर आहे, आंधळी नाही. मला विचारेल. मी काय सांगू? माझ्या मुलीच्या लग्नात, तिच्या सासूसमोर?

पार्किंगच्या टोकापासून दारापर्यंत किती अंतर आहे, तूच पायी मोजलंस. तेवढ्यासाठी काही होत नाही. एवढे रविवार तुझ्या घोडीसाठी माणसं राबली. एक दिवस तूही घरच्यासारखा वाग.

प्रताप


लव्हेट्सव्हिल
गुरुवार, २२ मे २०२५, सकाळी सहा. सूट घालून हॅटीवर बसून पाहिलं. दंडात घट्ट आहे.

काका,

लोखंड घालत नाही.

ते न घालता जोडीवर बसायचं नाही, हा मिसेस व्हिटलॉक यांचा पहिला नियम आहे. त्यांना मी सांगणार नाही. घरच्यासारखा हा शब्द मी बेसमेंट सोडल्यापासून तुम्ही पहिल्यांदा लिहिलात, म्हणून काढतो आहे. दुसरं काही कारण नाही.

माझ्या हाताकडे लक्ष ठेवा.

नकुल


अ‍ॅशबर्न, २० जून

नकुल,

हॉस्पिटलमधून तू आमच्याकडे न येता परत तबेल्यात गेलास. तुझ्या काकूने खोली लावून ठेवली होती, वरची, बेसमेंट नव्हे. ती दोन वेळा डबा घेऊन आली, तू तिच्याशी बोललास. मी गाडीत बसून होतो, मला आत बोलावलं नाहीस. लोकांनी काय समजायचं?

तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत आहे, म्हणून मीच लिहितो. तू हात वर केलास. मला वाटलं, पाहुण्यांना हात दाखवतो आहेस. सगळेच हात हलवत होते. पथक रंगात आलं होतं, दार समोर होतं, चार पावलं राहिली होती. आणि ते रंगीत कागद उडवायचं नळकांडं कबीरच्या मित्रांनी फोडलं, मी नाही. घोडी त्याने बिथरली. त्याला मी काय करणार?

पर्ल पाहुण्यांत घुसली असती तर काय झालं असतं, हे मी रोज डोळ्यांसमोर आणतो. तू तिला आवरलंस. अनिकाला, कबीरला ओरखडासुद्धा नाही. हे मी मान्य करतो आणि तसं कबीरच्या वडिलांना फोनवर सांगितलंही आहे.

तेव्हा कॉलेजची फी मी सोडली. एक डॉलरही देऊ नकोस. तुझं-माझं सगळं फिटलं. हा विषय इथे बंद, आणि आता पत्रंही बंद करू.

प्रताप


लव्हेट्सव्हिल
रविवार, २९ जून २०२५, सकाळी सव्वासात. पाय उशीवर ठेवून, खिडकीशी बसून लिहितो आहे. खाली पर्लला रीमा दाणा घालते आहे.

प्रतापकाका,

फिटलेलं नाही.

देवने त्याच्या फोनवरचा व्हिडिओ मला पाठवला. मी मागितला नव्हता. नळकांडं फुटायच्या आधी माझा हात वर आहे. बराच वेळ आहे. त्यात देवचा आवाज ऐकू येतो, "डॅड! डॅड, ही पुट हिज हँड अप!" तुम्ही वळता. माझ्या हाताकडे बघता. मग फोटोग्राफरकडे बघता, आणि झेंडा आणखी उंच करता. त्यानंतर नळकांडं फुटलं. तोपर्यंत पर्ल उभी होती. काकूंना हा व्हिडिओ मी दाखवलेला नाही आणि दाखवणार नाही. देवलाही तसंच सांगितलं आहे. मी पाहुण्यांना हात दाखवला असं तुम्ही म्हणता, तर तसंच चालू द्या. फक्त मला सांगू नका.

पुढचं तुम्हाला झेंड्यामागून दिसलं नसेल, म्हणून लिहितो. पर्ल उजवीकडे निघाली. उजवीकडे कबीरची आजी व्हीलचेअरवर होती. मी पर्लला डावीकडे ओढलं, म्हणजे माझ्याकडे. दुसरीकडे ओढायला जागा नव्हती. ती आली, दांडा आला, आणि मध्ये माझा पाय होता. पर्लच्या खांद्याला सामान लागून जखम झाली. मिसेस व्हिटलॉक माझ्यावर फार ओरडल्या. लोखंड का नव्हतं, हे त्यांनी तीनदा विचारलं. मी म्हटलं, विसरलो. त्यांनी पर्लला ठेवलं आहे. मला प्लास्टर निघेपर्यंत ठेवलं आहे, पुढचं मग बघू म्हणाल्या.

कबीरच्या आईने मला पार्किंगमध्येच बघितलं. त्या गुडघ्यावर बसल्या, पँट कापली, आणि गाडीवरच्या फोटोकडे मान वर करून बघितलं. मग मला विचारलं, "तू ते का घातलं नव्हतंस?" मी म्हटलं, आधी घोडीला बघा. त्यांनी परत विचारलं नाही. तेव्हा त्यांना काय सांगायचं ही काळजी आता करू नका. त्यांना कळलं आहे.

एक्स-रे पाहिला. नडगी मधे दबली आहे. डॉक्टर म्हणाले, भरून आली तरी खळगा राहील, थंडीत दुखेल. म्हणजे काकूंनी लिहिलं होतं तसंच. पणजोबांच्या पायाला काही झालं नव्हतं, असं मी लिहिलं होतं. ते चूक. ते गाडीवान नव्हते, हे तुमचं चूक. त्यांच्या पायाला ते लोखंड होतं, तरी पाय चिरडला. म्हणजे एक दिवस ते पायात नव्हतं. त्यांना काढायला कोणी सांगितलं होतं, एवढंच आता कोणाला विचारता येत नाही.

तुम्ही फी सोडलीत. मी सोडत नाही. फीच्या बदल्यात पाय, असा सौदा मी केलेला नाही, आणि तुम्हाला एकट्याला तो करता येत नाही. दर महिन्याला चेक येईल. तुम्ही वठवला नाहीत तरी येईल.

सूट धुऊन परत पाठवतो आहे. पँटचा उजवा पाय कापलेला आहे, बाकी चांगला आहे.

हिशेब, २९ जूनपर्यंत:

झालेला खर्च. हॉस्पिटल, इन्शुरन्स नसल्यामुळे त्यांनी कमी करून लावलेले, ९,४०० डॉलर. पर्लचे टाके आणि औषध, ३१० डॉलर. कुबड्या मिसेस व्हिटलॉक यांच्या माळ्यावर सापडल्या, खर्च नाही.

मी तुमचं देणं लागतो: कॉलेजची फी ६,१८० डॉलर. सोबत चेक १५० चा. बाकी ६,०३०.

तुम्ही माझं देणं लागता: ९,७१०.

एकातून दुसरं वजा करू नका.

नकुल